ताऱ्यांचें मरण : एका रूपकाची परीक्षा

गेल्या मार्गशीर्षांतील अमावास्येच्या रात्रीं आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही कर्जत तालुक्यांत, भिवपुरीच्या वरच्या अंगास असलेल्या एका वाडीवर आकाशदर्शनासाठीं गेलों होतों. तेथून पश्चिमेकडील आकाश मुंबईच्या दिव्यांनीं पुसल्यासारखें झालें आहे. पूर्वेस सह्याद्रीच्या भिंतीआड मात्र अंधार अद्याप शिल्लक आहे. त्या भिंतीवरून मृग वर आला, आणि इंग्रजी पुस्तकांवर पोसलेल्या मास्तराच्या तोंडीं जी भाषा सहज येते ती आमच्याही तोंडीं आली. मृगाच्या पोटांतील बाणाखालीं जो अंधुक डाग दिसतो तेथें तारे जन्मास येतात, कृत्तिका हीं बालकें, व्याध तरुण, आणि तो तांबूस काक्षीचा तारा, ज्यास कित्येक आर्द्रा मानतात, तो म्हातारा होऊन मरणाच्या दारीं बसला आहे, असें आम्ही मोठ्या रंगांत येऊन सांगत होतों.

तेव्हां त्याच वाडीवर राहणाऱ्या, पहिल्या वर्षांत शिकणाऱ्या एका मुलानें विचारलें, "सर, माणूस मेला कीं तारा होतो असें आई म्हणते. मग तारा मेल्यावर काय होतो?" आम्हीं चटकन् उत्तर दिलें, "राख होते." त्याच्या वडिलांस जाऊन तेव्हां तीन महिनेही झाले नव्हते, हें आम्हांस परत येतांना दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून समजलें.

उत्तर कठोर होतें म्हणून आम्हांस लाज वाटली असें नाहीं. कठोर पण खरें असें उत्तर देण्याचा अधिकार मास्तराचा आहेच. लाज वाटली ती अशी कीं, तें उत्तर खरेंही नव्हतें. आम्ही एका रूपकाच्या पोटांत शिरून बोललों होतों, व त्या रूपकाची परीक्षा आम्हीं आयुष्यांत कधींच केली नव्हती. ती येथें करण्याचा विचार आहे.

मराठींत आकाशाविषयीं चांगलें लिहिणारे पूर्वीपासून आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'ज्योतिर्विलास' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतला. त्याचें दुसरें नांव 'रात्रीची दोन घटका मौज'. या ग्रंथकारानें पुढें १८९६ सालीं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि तरीही सामान्य वाचकासाठीं 'मौज' हा शब्द वापरण्यास तो लाजला नाहीं. दीक्षितांच्या काळीं सूर्य कशावर जळतो हें पृथ्वीवर कोणासच ठाऊक नव्हतें. म्हणून ताऱ्याचें चरित्र लिहिण्याचा मोह त्यांना पडणें शक्य नव्हतें. अज्ञानाचाही असा एक लाभ असतो.

चरित्राची भाषा आली ती विसाव्या शतकांत, इंग्रजीवाटे. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्याइतका या विषयाचा अधिकारी लेखक मराठीस दुसरा लाभला नाहीं. त्यांचें 'आकाशाशी जडले नाते' आमच्या पिढीच्या पुढच्या मुलांनीं वाचून झिजविलें. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें, म्हणजे आपलीच आद्याक्षरें उलटीं करून, धाडली होती. 'कृष्णविवर' हा शब्द आज शाळकरी मुलाच्या तोंडीं आहे, याचें पुष्कळसें श्रेय नारळीकरांच्या लेखणीस आहे. परंतु त्यांच्या मागून आलेल्या पुस्तकांत व वर्तमानपत्री लेखांत त्यांचा संयम आला नाहीं. तेथें जन्म, तारुण्य, वार्धक्य, मृत्यू अशा चार पायऱ्या मांडल्या म्हणजे ताऱ्याचें सर्व सांगून झालें असें लेखकांस वाटतें. १९१९ सालच्या ग्रहणापेक्षां अलीकडची, म्हणजे २०१९ च्या अखेरची गोष्ट घ्या. काक्षीचा तारा मंद पडला, आणि त्याच्या मरणाच्या बातम्या देशोदेशीं झळकल्या. पुढें तो पूर्ववत् झाला. त्यानें सोडलेल्या धुळीचा पडदा आड आला होता, एवढेंच. रूपक डोक्यांत पक्कें बसलें असलें कीं खोकला आला तरी लोक तिरडीचे बांबू पाहूं लागतात.

आमचा आक्षेप असा. म्हातारपण म्हणजे झीज. पण ताऱ्याची गोष्ट झिजेची नाहीं, पडण्याची आहे. आणि ही गोष्ट सांगण्यास कर्जत-खालापूरच्या माणसास इंग्रजी रूपकाची गरज नाहीं. १९१५ सालीं खोपोलीस आणि १९२२ सालीं भिवपुरीस टाटांचीं पॉवरहाऊसें सुरू झालीं. घाटमाथ्यावर पाणी अडवून तें नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खालीं सोडतात, आणि त्या पडण्याची वीज होते. कोळसा नाहीं, जाळ नाहीं, केवळ पडणें. आकाशांतील हायड्रोजनचा थंडगार मेघ असाच पडतो. पण त्यास पडावयास दुसरी जमीन नाहीं, तो स्वतःवरच पडतो. जितका पडतो तितका तापतो, आणि जितकी उष्णता बाहेर टाकतो तितका आणखी आवळून अधिकच तापतो. चूल विझत चालली कीं गार होते हा आपला अनुभव येथें उलटा होतो, व येथेंच मनुष्यदेहाचें रूपक प्रथम मोडतें.

लॉर्ड केल्व्हिन व हेल्महोल्ट्झ यांस वाटलें कीं सूर्य एवढ्यावरच प्रकाशतो. हिशेब केला तेव्हां सूर्याचें वय दोन-तीन कोटि वर्षांवर जाईना. आतां गंमत पाहा : भिवपुरीस ज्या काळ्या दगडाच्या कड्यावरून पाणी उतरतें तो दगडच साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा आहे! सूर्याहून सह्याद्री वडील ठरूं लागला. अर्थात् पडण्याच्या वाटेंत कांहीं अडसर असला पाहिजे. तो अडसर १९२० सालीं एडिंग्टन यांनीं सुचविला आणि १९३९ च्या सुमारास बेथे यांनीं हिशेबानें सिद्ध केला : अंतर्भागाचें तपमान कोटि अंशांवर गेलें कीं हायड्रोजनचे अणु जुळून हेलियम होतो, व त्यांतून निघणारी उष्णता ताऱ्यास पेलून धरते. सूर्यांत दर सेकंदास सुमारें ६० कोटि टन हायड्रोजन असा खर्च होतो. ४६० कोटि वर्षें हें चाललें आहे आणि आणखी सुमारें ५०० कोटि वर्षें पुरेल. (हेलियमचें नांव निघालें म्हणून सांगतों : त्याचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला असें अभिमानानें लिहिलें जातें. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणांत जान्सेन गुंटूरला होते, व लॉकयर इंग्लंडांतच होते. विजयदुर्गाचा मोठेपणा या आधाराविना उभा राहूं शकतो.)

इंधन सरलें कीं गाभा पुन्हां पडूं लागतो, पुन्हां तापतो. सुमारें दहा कोटि अंशांवर हेलियमचा कार्बन होऊं लागतो, आणि बाहेरचें अंग फुगून तांबडें होतें. हा कार्बन कसा जुळतो याचें कोडें नारळीकरांचे गुरु फ्रेड हॉइल यांनीं १९५३ सालीं सोडविलें; पुढें १९५७ सालीं बर्बिज दांपत्य व फाउलर यांच्यासह त्यांनीं मूलद्रव्यें ताऱ्यांत कशीं शिजतात हें विस्तारानें मांडलें. या फुगलेल्या ताऱ्यास आपण 'राक्षसी' म्हणतों. इंग्रजीतील तो शब्द केवळ आकार सांगतो. आपल्या राक्षसाबरोबर दुष्टपणा येतो, तो येथें निष्कारण. उलट 'श्वेतबटू' हा शब्द आम्हांस फार आवडतो. सूर्याएवढें द्रव्य पृथ्वीएवढ्या देहांत कोंडलेला तारा; त्यास बटु म्हणतांना वामनाची आठवण होते, आणि ती यथार्थ आहे.

बटूचें पडणें कायमचें थांबतें, कारण इलेक्ट्रॉन याहून जवळ येण्यास नकार देतात. मात्र त्या नकारासही मर्यादा आहे. सूर्याच्या सुमारें १.४ पट द्रव्याच्या पलीकडे तो टिकत नाहीं, हें १९३० सालीं मुंबईहून विलायतेस निघालेल्या चंद्रशेखर नांवाच्या एकोणीस वर्षांच्या मुलानें बोटींत बसून ओळखलें. सूर्याच्या वीसपट द्रव्याचा तारा कोटि वर्षेंही पुरत नाहीं. त्याच्या गाभ्यांत पायरीपायरीनें लोखंड तयार होतें, लोखंड जुळवून कांहीं हातीं लागत नाहीं, आणि सेकंदाच्या आंत गाभा कोसळतो. उरतो तो न्यूट्रॉनांचा गोळा : नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या मुलुखांत मावेल एवढा, पण सूर्याहून जड. त्याहूनही जड असेल तर पडणें कोठेंच थांबत नाहीं. त्यास आपण कृष्णविवर म्हणतों.

यांत मरण कोठें आहे? कोठें पडणें अडलें, कोठें अडसर मोडला. आमच्या पॉवरहाऊसच्या उपमेंतही उणें आहे, तें लपवीत नाहीं : घाटावर पाणी दर पावसाळ्यांत पुन्हां चढतें; ताऱ्यास तसा आषाढ नाहीं. पण बाहेर उधळलेलें द्रव्य नव्या मेघांत मिसळतें एवढें खरें. यावरून 'आपण सारे ताऱ्यांची धूळ' असें जें गोड वाक्य हल्लीं प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटीं येतें, त्यावरही आमचा विश्वास अर्धाच आहे. हाडांतलें चुनखडीचें द्रव्य, रक्तांतलें लोखंड, श्वासांतला प्राणवायु हीं ताऱ्यांत शिजलेलीं, हें निर्विवाद. पण अंगांतल्या पाण्यांतील हायड्रोजन कोणत्याही ताऱ्यांत शिजलेला नाहीं. तो त्यांच्याही आधींचा आहे.

माघांत आम्ही पुन्हां त्या वाडीवर गेलों. मुलगा आम्हांस खालीं, वीज करून सुटलेलें पाणी पेज नदीस मिळतें तेथें घेऊन गेला. आसपासचे ओढे आटत चालले होते आणि ही नदी भरून वाहत होती. तेथें बसून, मागचें उत्तर चुकलें होतें असें सांगून, वर लिहिलें तेंच आम्हीं त्यास सांगितलें. त्यानें सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाला, "आईला मी हें सांगणार नाहीं, सर." आम्हींही आग्रह केला नाहीं. अंधार पडल्यावर व्याधाचा जोडीदार बटु दुर्बिणींतून दिसेल काय असें त्यानें विचारलें. आमची दुर्बीण चार इंचांची, तिच्यांतून तो दिसत नाहीं. तरीही त्यानें बराच वेळ डोळा लावून पाहिलें.