वणव्याचे गणित आणि सागाचा पातेरा

रिचर्ड रॉथरमेल यांनी १९७२ मध्ये मांडलेले वणव्याच्या प्रसाराचे गणित आजही बहुसंख्य संगणकीय अंदाजांच्या मुळाशी आहे. त्याची मांडणी रेखीव आहे, यात शंका नाही. इंधनशय्येचे वजन, खोली, ओलावा, कणांचे क्षेत्रफळ व घनफळ यांचे प्रमाण, वारा आणि चढ यांवरून ज्वालारेषेची गती काढता येते. तथापि ही शय्या एकजिनसी आणि गती स्थिर मानलेली आहे. प्रयोगशाळेतील कृत्रिम शय्यांवर जे सिद्ध झाले, ते रानात तसेच लागू पडेल असे गृहीत धरलेले आहे.

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर हिंगोली आणि उमरखेड अशा दोन दिशांना फुटतो. त्यापुढे पैनगंगेच्या खोऱ्यात सागाची राने आहेत. सागाचे रुंद पान वाळले की आक्रसून वाकते. त्यामुळे पातेरा दाट न बसता पोकळ राहतो आणि त्यात हवा खेळते. अमेरिकेतील पानझडी पाचोळ्यासाठी ठरविलेले अंक येथे तसेच वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने कापड बेतणे होय. त्यात पुन्हा वाऱ्याचा प्रश्न आहे. पानगळीनंतर छत्र मोकळे होते आणि वारा जमिनीलगत पोहोचतो. दाट छायेच्या वनासाठीची वाऱ्याची घट येथे धरली, तर अंदाज कमीच येणार.

चुकीचा परिणाम पाहावा. बायरम यांच्या १९५९ च्या सूत्राने तीव्रता म्हणजे उष्मांक, जळलेले इंधन आणि गती यांचा गुणाकार. उदाहरणादाखल, प्रति किलोग्रॅम १८,००० किलोज्यूल, प्रति चौरस मीटर अर्धा किलोग्रॅम पातेरा आणि सेकंदाला २ सेंटिमीटर गती धरल्यास मीटरमागे १८० किलोवॅट येतात. गती प्रत्यक्षात दुप्पट असेल, तर ज्वालेची लांबी सुमारे ८५ सेंटिमीटरवरून सव्वा मीटरच्या आतच राहते. पण ३०० मीटरवरील जाळरेषेशी पोहोचण्यास आगीला चार तास दहा मिनिटांऐवजी दोन तास पाच मिनिटेच लागतात. वनरक्षकाच्या दृष्टीने हाच फरक जीवघेणा आहे.

२०१५ मध्ये फिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, बारीक इंधन पेटते ते केवळ उष्णतेच्या प्रारणाने नव्हे. ज्वाला पुढे झेपावून इंधनाला प्रत्यक्ष स्पर्श करते, म्हणून. रॉथरमेल यांच्या गणितात ही यंत्रणा स्वतंत्रपणे येत नाही.

मूळ ठिणगी कोठून पडते, हा प्रश्न तर त्या गणिताच्या बाहेरच राहतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालची जागा जाळून साफ करणे, बांधावरचे गवत पेटविणे, फेकलेली विडी — यांना कोणतेही सूत्र नाही. उपग्रहाची व्हीआयआयआरएस यंत्रणा ३७५ मीटरच्या चौकटीने पाहते. एका चौकटीत सुमारे १४ हेक्टर मावतात. मोहाच्या एका झाडाखालची आग त्यात कितीशी दिसणार? ज्यांना या रानांसाठी प्रतिमान हवे, त्यांनी फेब्रुवारी ते मे या महिन्यांत पातेऱ्याचे वजन, खोली व ओलावा आठवड्याच्या अंतराने मोजण्यापासून आरंभ करावा. त्या मोजमापाला वाऱ्याची वेगळी नोंद जोडावी.