अबू झैद प्रकरण : संशोधनाचे मूल्यमापन आणि सार्वजनिक चर्चा

प्रस्तावना :
धर्मग्रंथाचा अभ्यास भाषाशास्त्र व साहित्यसमीक्षेच्या पद्धतीने करावा काय, हा समकालीन इस्लाम अध्ययनातील कळीचा प्रश्न आहे. कैरो विद्यापीठातील अरबीचे अध्यापक नसर हामिद अबू झैद (१९४३-२०१०) यांच्या बाबतीत हा प्रश्न विद्यापीठातून मशिदीत व तेथून न्यायालयात गेला. या प्रवासात त्यांच्या सिद्धान्ताची चिकित्सा कितपत झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ सिद्धान्त :
‘मफहूम अल्-नस’ (१९९०), म्हणजेच ‘संहितेची संकल्पना’, या ग्रंथात अबू झैद यांनी कुराणाचे ईश्वरी मूळ नाकारलेले नाही. मात्र ईश्वरी वचन मानवी भाषेत अवतरले असल्याने सातव्या शतकातील अरबी भाषा व संस्कृती जाणल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. संहिता प्रथम संस्कृतीतून आकार घेते व पुढे स्वतःच नवी संस्कृती घडविते, असे हे दुहेरी नाते आहे. विरोधकांनी यातील पूर्वार्ध तेवढा उचलला.

मूल्यमापनाची प्रक्रिया :
१९९२ मध्ये त्यांनी प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. तीन परीक्षकांपैकी दोघांचे अहवाल अनुकूल होते. परंतु अब्दुल सबूर शाहीन यांचा प्रतिकूल अहवाल ग्राह्य धरून १९९३ मध्ये पदोन्नती नाकारण्यात आली. त्या अहवालात संशोधनपद्धतीपेक्षा संशोधकाच्या श्रद्धेवरच आक्षेप होते. पुढे हा आरोप शुक्रवारच्या प्रवचनातून जाहीर झाला आणि धर्मत्यागाच्या कारणावरून त्यांचा विवाह रद्द करावा, असा दावा दाखल झाला. कनिष्ठ न्यायालयाने तो १९९४ मध्ये फेटाळला. मात्र जून १९९५ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरवून इब्तिहाल युनूस यांच्याशी झालेला विवाह रद्द केला. विशेष म्हणजे त्यापूर्वी थोड्याच दिवसांत विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले होते. हे दांपत्य नेदरलँड्समध्ये गेले व अबू झैद लायडेन विद्यापीठात अध्यापन करू लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयानेही निकाल कायम ठेवला.

चिकित्सा :
धर्मग्रंथाविषयीच्या संशोधनावर समाजाने बोलू नये, असे म्हणता येणार नाही. अबू झैद स्वतःही वृत्तपत्रांतून व जाहीर व्यासपीठांवरून लिहीत-बोलत होते. दोष चर्चा जाहीर होण्यात नसून, ग्रंथाऐवजी ग्रंथकाराची परीक्षा घेण्यात आहे. आणि त्याचा आरंभ मशिदीत नव्हे, तर परीक्षकाच्या अहवालात झाला. दुसरीकडे, पाश्चात्त्य चर्चेत ते विचारस्वातंत्र्याचे प्रतीक ठरले. पण तेथेही सिद्धान्तापेक्षा त्यांच्यावरील अन्यायाचीच चर्चा अनेकदा अधिक झाली.

सिद्धान्ताच्या मर्यादा अखेर अबू झैद यांनीच दाखविल्या. २००४ मध्ये उट्रेक्ट येथील व्याख्यानात त्यांनी कुराण ही केवळ संहिता न मानता वक्ता, श्रोता व प्रसंग असलेले जिवंत संभाषित मानावे, अशी मांडणी केली. केवळ संहिता म्हणून वाचल्यास वाचक आपल्याला हवा तो अर्थ तीवर लादू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप प्रतिकूल परीक्षकाला १९९२ मध्येही घेता आला असता व तो शास्त्रीय ठरला असता.

निष्कर्ष :
न्यायालयाच्या निकालाने सिद्धान्त खोटा ठरला नाही आणि गौरवाने तो सिद्धही झाला नाही. त्यात बदल झाला तो पुनर्विचाराने. म्हणून संवेदनशील विषयावरील संशोधनाचे मूल्यमापन करताना परीक्षकाने आधार, पद्धती व अनुमान यांपुरता अभिप्राय देणे आणि विद्यापीठाने त्या मर्यादेचे रक्षण करणे आवश्यक ठरते.