प्रक्षिप्त तबकडी

जुने मनगटी घड्याळ विकत घेणे हे गिऱ्हाइकाचे काम नव्हे, टीकाकाराचे आहे, असे माझे पुष्कळ दिवसांचे मत आहे. गिऱ्हाईक किंमत विचारते. टीकाकार आधी विचारतो की, ही कृती कोणाची, केव्हाची, आणि आपल्या हाती आली आहे ती मूळ संहिता, की मागाहून कोणी हात फिरवलेली प्रत? एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील पंडितांनी महाभारताच्या शेकडो पोथ्या पुढे घेऊन चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि 1966 साली ते काम पुरे झाले. मुंबईच्या चोरबाजारात फडक्यावर मांडलेल्या एखाद्या सिको घड्याळापायी एवढी मोठी नावे घेतली म्हणून कोणी हसेल, तर खुशाल हसो. पद्धत तीच आहे.

घड्याळाचा चेहरा म्हणजे तबकडी. आपण घड्याळ पाहतो म्हणजे तबकडी पाहतो, आणि भाळतो तेही तिच्यावरच. परंतु साक्षीदार म्हणून हिच्याइतकी बेभरवशाची दुसरी कोणी नाही. आमच्या दमट हवेत दहा-वीस पावसाळे काढले की तबकडीवर डाग पडतात, आकडे पुसट होतात. मग मालक घड्याळजीला म्हणतो, “डायल तेवढे नवे करून द्या.” जुना रंग खरवडला जातो, नवा चढतो, त्यावर नाव आणि आकडे पुन्हा छापले जातात. इथपर्यंत मी त्या कारागिराला बोल लावणार नाही. त्याने एका गरजू माणसाला वाचता येईल असे घड्याळ परत दिले. लबाडी सुरू होते ती तेच घड्याळ “अगदी मूळ स्थितीतले” म्हणून विकायला मांडले जाते तेव्हा.

आणि आताशा मांडले जाते ते भलत्याच थाटात! 1953 साली बंगळूरला स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली घड्याळे काढली. त्यांतले चावीचे ‘जनता’ किती घरांत लग्नात किंवा पहिल्या पगारात आले असेल! स्वच्छ तबकडी, सरळ काटे, सतरा माणके. उगीच कुठे नटवेपणा नाही. हा साधेपणा हीच त्या घड्याळाची शैली. 2016 साली सरकारने घड्याळांचा तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून जुन्या ‘जनता’वर लोकांचे प्रेम जडले, आणि प्रेम जडले की रंगारी येतोच. पोपटी ‘जनता’, केशरी ‘जनता’, विमानाचे चित्र असलेला ‘जनता’. अभंगाच्या साथीला टाळ-मृदंग ठेवायचे सोडून बँड आणून बसवावा, तसे हे दिसते. तबकडीवर फौजेची खूण आणि खाली 1947 साल छापलेले आढळले, तर भिंगसुद्धा काढू नये. ज्या कारखान्याचे पहिले घड्याळ 1961 चे, त्याला 1947 सालची लढाई कुठून आठवणार?

तेव्हा वाचायचे ते आतून बाहेर. मागचे झाकण उघडून दाखवा म्हणावे. विक्रेता नाही म्हणाला, तर त्याचा मान राखून पुढे चालू लागावे.

सिकोचे उदाहरण घेतो, कारण आपल्याकडे ती घड्याळे अमाप आहेत आणि जपान्यांनी नोंदी मोठ्या टापटिपीने ठेवल्या आहेत. मागच्या झाकणावर दोन जोडसंख्या असतात. त्यांतील पहिले चार आकडे आतल्या यंत्राचे असतात. 6119 किंवा 7009 असे काहीतरी. तेच चार आकडे खुद्द यंत्रावर कोरलेले असतात. आणि तबकडीच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत तेच पुन्हा छापलेले असतात. तीन जागा, तीन साक्षी. तिघांचे जमले तर पुढे बोलावे. झाकण 6119 म्हणते आहे आणि आत 7009 बसले आहे, तर ते दोन घड्याळांचे एक केलेले आहे. रंगाऱ्याच्या हातून तळाची ही बारीक ओळ बहुधा निसटते: ती कधी गायब असते, कधी शाई फुटून जाड झालेली असते. मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंग ओघळलेला असतो, कधी तबकडीच्या कडेला कानशीने पाडलेली बारीक खाचही सापडते.

आता काळ. झाकणावर आणखी एक क्रमांक असतो. त्याचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा म्हणजे महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांना रोमन लिपीतली ओ, एन, डी ही अक्षरे. क्रमांक शून्याने सुरू झाला तर साल 1970 की 1980? क्रमांक काही सांगत नाही. येथे यंत्र मदतीला येते. 6119 हे यंत्र 1960 साली जन्मले नव्हते आणि 1980 साली निवृत्त झालेले होते. म्हणजे उरले 1970. एका पुराव्याचे मौन दुसऱ्याने तोडायचे, हाच या साऱ्या विद्येचा गाभा. इतरांच्या रीती वेगळ्या. ओमेगाचे यंत्रांचे क्रमांक चढत जातात: 1 कोटीचा टप्पा सुमारे 1944 चा, 2 कोटींचा 1960 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला. चांदीच्या डबीवर इंग्लंडच्या तपासणीचे अक्षर असले तर त्यावरून डबीचे साल निघते. मात्र ते डबीचे, यंत्राचे नव्हे.

नावाविषयीही एक शब्द. तबकडीवरचे नाव पुष्कळदा लेखकाचे नसून प्रकाशकाचे असते. 1886 साली मुंबईत सुरू झालेल्या वेस्ट एंड कंपनीचे नाव आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होते. पण त्यांच्या जुन्या घड्याळांची झाकणे उघडली की आत लाँजीनसारख्या स्विस कारखान्याचे काम निघते. यात फसवणूक काही नाही. पण ज्याला हे ठाऊक नाही, तो खरे घड्याळ खोटे म्हणून टाकून येईल.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांची गोष्ट मात्र जपून ऐकावी. जुन्या घड्याळांत चमकीसाठी रेडियम वापरीत. 1960 च्या सुमारास त्याची जागा ट्रिटियमने घेतली, आणि तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही अंगांना रोमन ‘टी’ हे अक्षर येऊ लागले. ट्रिटियमचा जोर साडेबारा वर्षांच्या आतच निम्मा होतो. रेडियमचा जोर सोळाशे वर्षांनी निम्मा होतो, परंतु त्याने चमकणारा लेप स्वतःच जळून जातो. म्हणून 1955 सालचे म्हणून दाखवलेले घड्याळ दिव्याखाली धरताच लखलखू लागले, तर तो लेप कालपरवाचा. पण चमक गेली म्हणजे रेडियम गेले असे नव्हे. घरात मुले असतील तर असले घड्याळ त्यांच्या हाती खेळायला देऊ नये आणि तो लेप स्वतः तर कधीही खरवडू नये.

माझे एक स्नेही म्हणतात, “मला दिसायला छान वाटले, वेळ बरोबर दाखवते, मूळ-नकलेचा एवढा बाऊ कशाला?” त्यांच्या आनंदात मला विरजण घालायचे नाही. रंगवलेल्या घड्याळाला रंगवलेल्याची किंमत द्यावी आणि मजेत वापरावे. पण एक फरक त्यांना सांगावासा वाटतो. पोथीत कोणी ओवी घुसडली तरी दुसऱ्या गावी दुसरी पोथी असते, तिच्यावरून चूक काढता येते. तबकडी ही एकच प्रत. ती खरवडली की तिच्यावरची पिवळी झाक, मालकाच्या दाराशी आलेल्या उन्हाचा डाग, काट्याखाली उमटलेली सावली, सारे गेले. ते कोणताही भांडारकर परत आणू शकत नाही. डागाळलेली पण अस्सल तबकडी पाहून नाक मुरडणाऱ्या आपल्या सणासुदीच्या नवेपणाच्या हौसेनेच त्या रंगाऱ्याला धंदा दिला आहे. विकणारा तेवढा दोषी आणि घेणारा निर्दोष, असा निवाडा मला देता येत नाही.

झाकणाच्या बाहेर कधी नाव आणि तारीख कोरलेली असते: लग्नाची, निवृत्तीची. सहसा घड्याळ त्या दिवसाच्या आधीचेच असणार. आणि झाकणाच्या आतल्या अंगाला पाहावे. पूर्वीच्या घड्याळजींनी सफाई केल्यावर सुईने ओढलेल्या खुणा तिथे सापडतात. एखादे अक्षर, एखादा आकडा, कधी साल. दुकानदार त्या पुसून झाकण चकचकीत करून देऊ का विचारील. त्याला नको म्हणावे, आणि पावतीवर ‘डायल मूळ’ की ‘डायल पुन्हा रंगवलेले’ एवढे त्याच्याकडूनच लिहून घ्यावे.