डबल क्लच: पायातला आणि तोंडातला

माझं पीएचडीचं काम घर्षणावर आहे, त्यामुळे गाड्यांचे सिनेमे बघताना माझं लक्ष हिरोपेक्षा गिअरबॉक्सकडे जास्त जातं. आज दोन गाजलेल्या सिनेमांबद्दल: 'बुलिट' (१९६८) आणि 'द फास्ट अँड द फ्युरिअस' (२००१). डबल क्लच दोन्हीत आहे. पहिल्याने तो समजून वापरलाय, दुसऱ्याने नुसता मिरवलाय.

आधी यंत्र समजून घेऊ. गिअर टाकताना जे दाते एकमेकांत अडकायचे असतात, त्यांचा वेग जुळावा लागतो. नाही जुळला की 'खर्रर्र'. 'बुलिट'मधल्या मस्टँग जीटी ३९० ला फोर्डचा चार गिअरचा टॉपलोडर होता. त्याचा वाइड-रेशो प्रकार हिशोबाला घेऊ: दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.९३, तिसऱ्याचं १.३६. तिसऱ्यात इंजिन ३००० आरपीएमवर असताना दुसरा टाकला, तर गाडीच्या त्याच वेगाला ३००० × १.९३ ÷ १.३६, म्हणजे साधारण ४२६० आरपीएम लागतात.

हा फरक भरून काढायचे दोन मार्ग. सिंक्रोमेशमध्ये एक छोटी पितळी रिंग गिअरच्या शंकूवर घासते आणि घर्षणाने वेग जुळवते. डबल क्लचमध्ये तेच काम पाय करतो: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडून एक्सलेटरला झटका द्या, परत क्लच, मग गिअर.

टॉपलोडरच्या पुढच्या चारही गिअरना सिंक्रोमेश होता. मग 'बुलिट'मध्ये तो आवाज कशाला? दाते जुळवायला त्याची फारशी गरज नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावर खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग आधीच चढवला, तर क्लच सोडल्यावर मागची चाकं हिसका खात नाहीत. म्हणून तो आवाज पटतो. पाठलाग रंगात येतो तेव्हा लालो शिफ्रिनचं संगीत थांबतं आणि ड्रायव्हरचा प्रत्येक निर्णय आपल्याला इंजिनातून ऐकू येतो. गफलती आहेतच. डॉज चार्जरला चाकं चार, पण व्हीलकॅप त्याहून जास्त उडतात, आणि तीच हिरवी बीटल परत परत आडवी येते. फ्रँक केलरला या सिनेमाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं, ते तरीही योग्यच वाटतं.

'फास्ट अँड फ्युरिअस'मध्ये शर्यत हरलेल्या ब्रायनला डॉमिनिक ऐकवतो की तू डबल क्लच केला नाहीस. आता विचार करा. रस्ता सरळ, गिअर वरच चढवायचे, गाडीला सिंक्रोमेश. तिथे क्लच एकदाऐवजी दोनदा दाबला तर वेळ वाया जाणार, म्हणजे सल्ला ऐकला तर ब्रायन आणखी मागे पडेल! पण संवाद असा फेकलाय की जाणकार कोण आणि नवशिका कोण हे लगेच ठरून जावं.

माझा खरा आक्षेप इथे आहे. हाताचं-पायाचं कौशल्य सिनेमाने रुबाबाचा बिल्ला करून टाकलं. ज्यांना ते खरोखर लागायचं, ते रुबाबदार नव्हतेच. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी घ्या: १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, दांडा स्टिअरिंगला. मसल कारच्या जवळपासही नाही. पण तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. चढावर, गर्दीत, गाडी पूर्ण न थांबवता पहिला टाकायचा तर डबल क्लचला पर्याय नव्हता. आमच्या कुडव्याकडे धानाची पोती वाहणारे जुने ट्रक चालवलेली माणसंही हे बिनबोभाट करायची. त्यावर कोणी भाषण ठोकत नसे.

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि त्या रस्त्यावरून गेल्या. गाड्या एखाद्या संग्रहालयात ठेवता येतील. पायातलं ज्ञान तिथे ठेवता येत नाही. ते चालवणाऱ्यांना विचारून, त्यांचं चालवणं चित्रित करून, आत्ताच टिपून ठेवायला हवं. 'बुलिट' परत बघाल तेव्हा पाठलाग डोळे मिटूनही एकदा ऐका. आणि घरात जुना ड्रायव्हर असेल तर त्यालाही शेजारी बसवा. गिअर कुठे खरा पडलाय आणि कुठे नुसता आवाज चिकटवलाय, हे तो माझ्याआधी सांगेल.