फर्स्ट ओनर, बसा आणि चालवा

मराठी लघुकथेला उतरती कळा लागली असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचलेल्या नसाव्यात. 'फर्स्ट ओनर, डॉक्टरांनी वापरलेली, एक रुपयाचं काम नाही, बसा आणि चालवा.' एका ओळीत नायक, चारित्र्य, सुखान्त, सगळं आलं! आमच्या द्रोणागिरी नोडमध्ये हे वाङ्मय आवडीनं वाचलं जातं. त्यात 'टर्बो' हा शब्द दिसला, की कंटेनरच्या मागं खोळंबलेल्या माणसाला अटल सेतू दिसू लागतो. सेतूवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, हे कथेत येत नाही.

समीक्षा म्हटली की आधी मूळ संहिता बघावी. टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची, १९०५ सालच्या पेटंटातली. इंजिनानं टाकलेल्या धुरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच्या जोरावर जास्तीची हवा इंजिनात कोंबायची. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच. फक्त टिकवण्याचं काम मालकाकडे. कारण ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याचा जीव तेलाच्या पातळ थरावर टांगलेला असतो. पहिल्या मालकानं तेल बदलण्यात चालढकल केली, तर भरपाई तिसरा मालक करतो. कर्माचा सिद्धान्त इतक्या स्वच्छपणे सांगणारं दुसरं यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

या कथांचा मोठा दोष म्हणजे गाळलेल्या जागा. 'थोडं ऑइल खाते' म्हणजे निळा धूर. टर्बोचं सील तरी गेलं किंवा इंजिनाच्या रिंगा तरी. 'सकाळी जरा खडखडते' म्हणजे टायमिंग चेनवर संशय घ्यावा. 'स्टेज वन केलीय' म्हणजे कंपनीनं ठरवलेला दाब कुणीतरी लॅपटॉप लावून वाढवला. क्लच बिचारा जुनाच. आणि 'गिअर कधीमधी दचकतो' हे सर्वांत महागडं वाक्य. पोलो जीटीसारख्या गाडीच्या सात गिअरच्या डीएसजीचा मेकॅट्रॉनिक गेला, की नव्याचं बिल लाखापलीकडे जाऊ शकतं. २०१३ साली फोक्सवॅगननं या जातीच्या गिअरबॉक्समधलं तेल बदलायला जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. निदान त्यांनी ते जाहीर तरी केलं. आपला कथाकार तेवढाही प्रांजळ नसतो.

आमच्या शेजारच्या मुलानं फ्लॅटचे हप्ते भरून चार वर्षांत साठवलेले पैसे अशाच एका कथेवर लावायचं ठरवलं. वडील म्हणाले, "तुम्ही वाचता-बिचता, जरा समजवा त्याला." मी त्याला एवढंच म्हटलं, "बाबा रे, गेल्या गेल्या आधी बॉनेटला हात लाव. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांग. सर्व्हिसची वही माग. आणि किमतीचा चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेव. तेवढा उरत नसेल, तर हत्ती तुला विकत घेता येईल, पोसता येणार नाही."

मुलगा गेला. बॉनेट गरम होतं. मालक म्हणाले, "ऊन किती आहे बघताय ना!" गाडी तळघरात उभी होती. पोरगं पैसे घेऊन परत आलं.

तरी दुसरा कुणीतरी ती घेईलच. गावाचं नावच द्रोणागिरी. इथं मेलेलं इंजिनही उठेल, असं एखाद्याला वाटायचं. त्यानं एवढंच लक्षात ठेवावं, की संजीवनीसाठी मारुतीला आख्खा डोंगर उचलावा लागला होता. आणि त्यानं लेबर चार्ज लावला नव्हता.