‘अरब जागृती’ : दिलेल्या शब्दाचे वाचन

जॉर्ज अँटोनियस यांचा ‘द अरब अवेकनिंग’ हा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथालयांतून तो राजकीय इतिहासाच्या कपाटात ठेवलेला आढळतो. परंतु भाषा शिकविणाऱ्यांनीही तो आस्थेने वाचावा असे आम्हांस वाटते. कारण ग्रंथाचा गाभा म्हणजे काही पत्रांचे बारकाईने केलेले वाचन होय.

ही पत्रे मक्केचे शरीफ हुसेन आणि ईजिप्तमधील ब्रिटिश उच्चायुक्त सर हेन्री मॅकमहोन यांच्यात १९१५-१६ मध्ये झाली. अरबांनी तुर्कांविरुद्ध उठावे व ब्रिटनने अरबांचे स्वातंत्र्य मान्य करावे, असा तो व्यवहार. २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात मॅकमहोन यांनी स्वातंत्र्याचा शब्द दिला; मात्र दमास्कस, होम्स, हमा व अलेप्पो या चार ठिकाणांच्या प्रदेशांच्या पश्चिमेकडील सीरियाचा भाग वगळला. हुसेन जून १९१६ मध्ये उठले. त्यापूर्वीच, मे महिन्यात, ब्रिटन व फ्रान्स यांनी साइक्स-पिको करारान्वये तो मुलूख आपसांत गुपचूप वाटून घेतला होता. पुढे २ नोव्हेंबर १९१७ रोजी बाल्फोर यांची घोषणा झाली आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासास ब्रिटनचा पाठिंबा जाहीर झाला. पॅलेस्टाइन हे वगळलेल्या भागातच येते, असे ब्रिटिश सरकार १९२२ साली सांगू लागले.

येथे एखादा भावनाप्रधान लेखक विश्वासघाताच्या नावाने आक्रोश करता. अँटोनियस एक शब्द हाती घेतात. पत्राच्या अरबी पाठात त्या चार प्रदेशांसाठी ‘विलायत’ हा शब्द आहे. (आपल्याकडे याच शब्दाला इंग्लंड असा अर्थ चिकटावा, हा दैवाचा विनोदच!) तुर्की राज्यकारभारात विलायत म्हणजे मोठा प्रांत. तोच अर्थ घेऊन दमास्कसचा प्रांत दक्षिणेकडे दूरवर ताणला, तरच पॅलेस्टाइन त्याच्या पश्चिमेस येते. परंतु होम्स आणि हमा या नावांचे प्रांत नव्हतेच. दमास्कस ज्या प्रांतात होते त्याचे नाव सीरिया. एकाच वाक्यात चार नावांना लागलेला एकच शब्द दोघांपुरता एका अर्थाने आणि उरलेल्या दोघांपुरता दुसऱ्या अर्थाने कसा घ्यावा? मग शब्दाचा अर्थ शहराभोवतीचा मुलूख एवढाच उरतो, आणि पॅलेस्टाइन त्याच्या दक्षिणेस राहते. जेरुसलेमचा जिल्हा वगळायचा होता, तर त्याचे नाव घालण्यास कोणती अडचण होती, हा त्यांचा पुढचा प्रश्न.

हे विवेचन आम्हांस फार मोलाचे वाटते. तथापि मॅकमहोन यांची दुसरी अट, म्हणजे फ्रान्सच्या हितसंबंधांस बाध न आणता ब्रिटन जेथे मोकळे आहे तेवढ्यापुरतेच हे वचन, ग्रंथकार मानतात तितकी निरुपद्रवी नव्हती. सगळी फट तेथेच ठेवलेली होती. शिवाय अरब जागृतीचे श्रेय त्यांनी बैरुतच्या अमेरिकन मिशनऱ्यांना व त्यांच्या शाळांना इतके दिले आहे, की कैरोतील इस्लामी सुधारकांचा प्रवाह मागे पडतो. पुढील संशोधकांनी हा दोष दाखविला, तो रास्तच होय. हुसेन यांचा शब्द म्हणजे सर्व अरबांचा शब्द, हेही ते फार सहज गृहीत धरतात.

याच उठावावर टी. ई. लॉरेन्स यांचा ‘सेव्हन पिलर्स ऑफ विस्डम’ अधिक वाचला जातो. त्याची वर्णनशक्ती निर्विवाद. वचने पोकळ आहेत हे आपणांस ठाऊक होते, असे लॉरेन्स त्यात कबूलही करतात. पण ती शरम हळूहळू नायकाच्या मनाचे अलंकार होऊन बसते, आणि ज्यांना फसविले ते अरब मागच्या पडद्यावर जातात. अँटोनियस यांचे इंग्रजी कोरडे, क्वचित वकिली. परंतु पॅलेस्टाइनच्या ब्रिटिश प्रशासनात शिक्षण खात्यात नोकरी केलेला हा अरब गृहस्थ राज्यकर्त्यांच्याच भाषेत त्यांना त्यांचेच पत्र वाचून दाखवितो, तेव्हा त्या कोरडेपणाला धार येते.

अधिकृतपणे न छापलेली ही पत्रे त्यांनी परिशिष्टात संपूर्ण दिली. दुसऱ्याच वर्षी सरकारला ती स्वतः छापावी लागली. मार्च १९३९ मध्ये लंडनला ब्रिटिश व अरब प्रतिनिधींच्या समितीने ती तपासली. पॅलेस्टाइन वगळलेलेच होते, हा आपला अर्थ ब्रिटिश पक्षाने सोडला नाही. परंतु अरबांच्या म्हणण्यात आजवर वाटले त्याहून अधिक बळ आहे, आणि तेथील रहिवाशांची इच्छा व हित न पाहता पॅलेस्टाइनची वासलात लावण्यास ब्रिटन मोकळे नव्हते, एवढे त्यांनी लेखी मान्य केले. तोवर बाल्फोर घोषणेस एकवीस वर्षे उलटून गेली होती. अँटोनियस १९४२ साली जेरुसलेममध्येच वारले.