मृत पक्षी : कवितेतील आणि चित्रातील

१९०७ च्या जळगाव कविसंमेलनात सहभागी झालेल्या रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता करुणरसाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. तिच्याशेजारी गोयाचे ‘मृत टर्की’ (१८०८–१२) हे तैलचित्र ठेवून पाहावे. टिळकांची जखमी पक्षिणी पिलांपर्यंत पोचते, मग मरते. तिचे मरण क्रियापदांच्या ओघात घडते, आणि क्रौर्याचा निवाडा तर शीर्षकातच उरकलेला असतो. गोयापाशी क्रियापद नाही. टोपलीला टेकलेला देह, ताठरलेला पंख, एवढेच. मारणारा नाही, पिलेही नाहीत. फ्रेंचांनी या चित्रप्रकाराला दिलेले ‘मृत निसर्ग’ हे नाव येथे अक्षरशः खरे ठरते. कारुण्यात टिळक सरस खरे. परंतु त्यांचे उद्गारचिन्ह वाचकाला दोषमुक्त करते, कारण पारधी कोणी दुसराच असतो. गोयाचा पक्षी मात्र मुदपाकखान्यातला, जेवणाऱ्यासाठीच मारलेला आहे.